चालत्या गाडीवरचा नमस्कार

मृदंगवाले, हात आवरा जरा. देवाचं नाव घेऊन झालं. आता देवाच्याच दारात मला एक तक्रार मांडायची आहे.

कोणाची? आमच्याच घरातल्या माणसाची! तो बघा, तिसऱ्या खांबाला टेकून, कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसलाय. अंबादास. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा, मला मोठी आई म्हणतो. घातली बघा मान खाली! सहा आठवडे हेच चाललंय. जेवायला वाढलं की मान वर. 'पाय ठणकतोय का रे?' विचारलं की मान वर. आणि 'गाडी पडली तेव्हा तुझे हात कुठं होते?' एवढंच विचारलं, की मान खाली! नाहीतर आढ्याकडं. आमच्या आढ्यावर काय लिहिलंय कोण जाणे, रोज हाच एकटा वाचतो!

मंडळी, माझी शाळा दुसरीत सुटली. पण माणसाचं तोंड वाचायला पाटी लागत नाही.

तर आज एक सवाल टाकते. सोपा आहे. देवाला नमस्कार करणं हे पाप होऊ शकतं का?

नाही? पुढचे नाही म्हणतात. मागं बायका पण माना हलवतात. टोपीवाले आजोबा, तुम्ही? तुम्ही पण नाही! बरं, धरून ठेवा आपापलं 'नाही', आणि मंडळी, ऐका!

आपल्या निंबळखेड्याहून तालुक्याला जायचं तर मधे खिंड लागते. खिंडीच्या तोंडाशी उजव्या हाताला म्हसोबा. शेंदराचा एक दगड, वर बाभूळ. तिथून चाळीस पावलांवर रस्ता डावीकडं वळतो, एकदम, रुसलेल्या जावयासारखा! आणि जो वळत नाही त्याच्यासाठी समोर पाटाची कोरडी चारी आहेच, दगडगोट्यांनी भरलेली.

अंबादासनं दसऱ्याला नवी मोटारसायकल आणली. पूजा काय, थाट काय! चाकाखाली लिंबू चिरडलं. हँडलला नाडा. दिव्याखाली काळी बाहुली, तिच्या पायाशी मिरच्या. हेल्मेट? आणलं होतं ना, पोलीस उभा असतो म्हणून! घरी ते फडताळावर असायचं. आमच्या कोंबडीनं त्यात अंडं घातलं. मी म्हटलं, चला, कोणाच्या तरी कामी आलं!

सहा आठवड्यांपूर्वीचा बुधवार. सकाळची वेळ. अंबादास आणि त्याची बायको मोनाली, लग्नाला आठ महिने झालेली पोर, तिच्या मावशीकडं बारशाला निघाले. मी ओट्यावर होते. निघताना मीही दोन शब्द बोलले. काय बोलले ते सांगेन. आत्ता नाही. जरा धीर धरा, माझीही झडती आज व्हायची आहे.

तासाभरात निरोप आला: गाडी चारीत गेली!

दवाखान्यात गेले. ह्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलेला. तिचं गळ्याचं हाड मोडलेलं, कपाळाला सात टाके. पोर भिंतीकडं तोंड करून पडलेली. आणि हा मला सांगतो कसा: "मोठी आई, गाडी माझ्या हातात होती गं! एकदम कुणीतरी हँडल हिसकलं. म्हसोबाच! दुसरं कोण?"

मी विचारलं, "कुठल्या अंगाला हिसकलं रे?"

"अं... डावीकडं."

मंडळी, इथं माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. रस्ता वळतो कुठं? बोला की! डावीकडं! मग देवानं डावीकडं हिसकलं असतं तर गाडी रस्त्यावर राहिली असती. ही तर नाकासमोर सरळ गेली, देवळात जावं तशी चारीत! म्हसोबानं ओढली नाही, तर मग वळवायची ज्यानं होती तो काय करत होता?

पण माझं ऐकतंय कोण? आमची भामा, ह्याची आई, तिनं तोवर खाटेशी पोरीला गाठलं होतं. कानाशी लागून विचारलं, "खरं सांग, तुझी अडचण होती का?" पोर खरं बोलणारी. म्हणाली, "हो आत्या, तिसरा दिवस."

झालं! खटला उभा, निकाल तयार! अडचणीची बाई म्हसोबाच्या हद्दीतून गेली, देव कोपला, पोराचा पाय मोडला! तात्याबा गुरवानंही मान डोलावली: "आक्का, देव कडक हाय. इटाळ खपत न्हाई त्याला." संध्याकाळी गावभर झालं. चौथ्या दिवशी पोरीचा बाप आला, गळ्यात हात बांधलेल्या पोरीला घेऊन गेला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, हाड दुखलं, तशीच अर्धी राहिली. आणि हा? खाटेवरून बघत होता. म्हणाला का एक शब्द?

आढं वाचत होता!

काय गं भामा, काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, पेटीच्या आवाजात ऐकू येत नाही. "जाऊबाई, घरातलं घरात ठेवा"? वा! पोरीचा विटाळ गावभर वाटलास तेव्हा तो घरात नव्हता ठेवायचा? बस. तुझ्या पोराचं घर मोडतंय म्हणून बोलतेय मी. उद्या तिचे वडील चार माणसं घेऊन यायचेत. पोर नांदायला पाठवायची की फारकत घ्यायची, उद्या ठरणार. आठ महिन्यांच्या संसाराची पोर, पांढऱ्या पायाची म्हणून कपाळावर शिक्का घेऊन जन्म काढणार! हे मला झोपू देत नाही. तुला झोप लागते का? लागत असेल. तुझ्या घोरण्यानंच मला कळतं.

पुढं ऐका. आठवड्यानं त्याच वळणावर धोंडिबा कोकरे पडला. त्याच चारीत! तात्याबा परत, "देव कोपला!" मी विचारलं, "धोंडिबाच्या मागं कोण बसलं होतं?"

"कुणी न्हाई आक्का. खताची गोणी होती."

"मग गोणीची अडचण होती का रे?"

हसताय! तात्याबा नाही हसला. मला म्हणतो, "धोंडिबाचा नारळ राह्यला आसंल." म्हणजे बघा, बाई असली तर बाईचा दोष, बाई नसली तर नारळाचा. गाडी चालवणाऱ्याचा दोष कधी? तो नाहीच! अहो, रानातला देव तो. अंगावरून शेळ्या जातात, पायाशी कुत्री लोळतात, त्यांचं त्याला काही नाही. आणि टोचली कोण, तर आमची पोर? मला काही हे पटेना.

दुसऱ्या दिवशी भाकरी फडक्यात बांधली आणि खिंडीत जाऊन बसले. म्हसोबाच्या समोर रज्जाकभाई मुलाण्याची पंक्चरची टपरी आहे. बाकडं टाकलेलं. म्हणाला, "आक्का, इकडं कुठं?" म्हटलं, "देव तुझा शेजारी, त्याची वागणूक बघायला आले." घाबरला बिचारा. चहा पाजला.

दोन दिवस बसले मंडळी. आणि काय बघितलं ते सांगते. मागं सरकू नका, तुम्हीच होता त्यात!

पहिला आला, हॉर्न वाजवला पी-पी. देव काय बहिरा आहे? एक हात हँडलवर, दुसरा छातीला, कपाळाला, परत छातीला. गाडी इकडं तिकडं. गेला. दुसरा आला, त्यानं दोन्ही हात सोडले! छातीशी जोडले, डोळे मिटले, ओठ पुटपुटले. गाडी पळतेय! तिसरा, त्याची भक्ती फार! देवासमोर पायात चप्पल कशी? चालत्या गाडीवर पाय चपलेतून बाहेर! अधांतरी! चौथ्यानं हेल्मेट काढून मागच्या बाईच्या हातात दिलं, देवापुढं डोकं झाकलेलं चालत नाही ना! आणि ती बाई, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर. तिनं कशाला धरलंय? कशालाच नाही!

आणि पुढं किती पावलांवर वळण? चाळीस!

मी बाकड्यावर बसून राम राम म्हणत होते. देवासाठी नाही हो, त्या माणसांसाठी!

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात रज्जाकभाईला म्हटलं, "भाई, अंबादास पडला तेव्हा तू इथंच होतास."

तो टायर पाण्यात बुडवत होता. बुडबुडे बघत म्हणाला, "पाणी आणायला गेलो होतो आक्का."

"कुठं?"

"हे... विहिरीवर."

"टपरीत नळ आहे की रे तुझ्या!"

आता हाही आढ्याकडं बघायला लागला. त्या टपरीला तर आढंही नाही, पत्रा आहे! मी म्हटलं, "रज्जाक, तुझ्या बापानं आणि मी एका बांधावर शेळ्या राखल्यात. माझ्याशी खोटं बोलू नको."

तेव्हा हात पुसले त्यानं. हळूच म्हणाला, "आक्का, मी काय बोलू? उद्या म्हणतील, रज्जाक आमच्या देवाच्या मधी पडला. माझी टपरी त्याच्याच सावलीत हाय. पन एक दाखवतो. मी बोललो न्हाई, तुमीच बघितलं असं म्हणा."

आणि टायरच्या ढिगामागनं त्यानं काय काढलं? एक चप्पल! अंबादासची. अंगठा शिवलेला, मीच शिवून आणला होता.

"कुठं सापडली?"

"देवासमोर. रस्त्याच्या मधोमध. मानूस चारीत पडला, तिकडं. चप्पल इकडं."

मंडळी, जागे आहात ना? माणूस पडला चाळीस पावलं पुढं, आणि चप्पल चाळीस पावलं मागं! पडल्यावर चप्पल उडते, कबूल. पण उलटी उडून देवाच्या पायाशी येते का? नाही! चप्पल आधी पडली, माणूस नंतर! आणि कुठल्या पायाची होती? उजव्या! गाडीवाले बसलेत ना इथं? सांगा, उजव्या पायानं काय दाबता?

ब्रेक! मोठ्यानं बोला, लाजता कशाला? ब्रेक!

"अजून बोल," मी म्हटलं. रज्जाक म्हणाला, "हेल्मेट सूनबाईच्या जवळ पडलं होतं आक्का. त्याला एक खरचटा न्हाई. डोक्यात आसतं तर खरचटलं आसतं की."

पुरे झालं मला. तरी म्हटलं, नुसत्या संशयावर माणसाला फाशी द्यायची नाही. एसटीनं पोरीच्या माहेरी गेले.

मोनाली ओसरीवर एका हातानं शेंगा फोडत होती. मला बघून उठली. मी म्हटलं, "बस. आणि खरं सांग. नवऱ्याचं झाकू नको, मी त्याची मोठी आई आहे."

हातातली शेंग खाली ठेवली तिनं. मग बोलली, "मोठी आई, ह्यांनी देव दिसल्यावर हेल्मेट माझ्या हातात दिलं. मी दुसऱ्या हातानं पदर घेतला. ह्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी म्हटलं, अहो, वळण! ते म्हणाले, श्श, देवासमोर बोलू नये."

ऐकलंत? देवासमोर बोलू नये!

आता हिशोब करा. गाडीवर दोन माणसं, चार हात. दोन जोडलेले. एकात हेल्मेट, एकात पदर. चार हात गाडीवर, आणि गाडीला एकही नाही! उजवा पाय चपलेबाहेर. दोन डोळे मिटलेले. उघडे डोळे फक्त मागच्या पोरीचे, आणि तिला म्हणे, गप्प बस! कोपायला देवाची गरज काय? देव तर त्या दिवशी धावून आला म्हणून दोघं जिवंत आहेत!

मी पोरीला विचारलं, "मग दवाखान्यात का नाही बोललीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मंडळी, माझ्याकडं ह्या गावात कोणी असं बघत नाही. म्हणाली, "कसं बोलू? निघताना तुम्हीच म्हणालात ओट्यावरनं, 'म्हसोबाला हात जोडल्याबिगर खिंड ओलांडू नका.' ते तुमचंच ऐकत होते."

घ्या! झाली माझी झडती.

खोटं नाही बोलली. म्हणाले होते मी. माझी सासू मला म्हणायची, मी घरादाराला म्हणते. आम्ही बैलगाडीतनं जायचो तेव्हा हात जोडायचो, डोळेही मिटायचो. काही झालं नाही कधी. का नाही झालं? एसटीत परत येताना हेच चघळत होते. आणि मग कळलं. अहो, आम्ही डोळे मिटायचो, पण बैल उघडे ठेवायचे! बैलाला वळण ठाऊक. बैलाला घर ठाऊक. धनी झोपला तरी बैल चारीत जात नाही. ह्या मोटारसायकलला दिवा आहे, डोळा नाही. तिला अक्कल घालायची ती वर बसलेल्यानं. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिलो, हात जोडा. बैल कधी गेले ते आमच्या लक्षातच आलं नाही!

'थांबून जोडा' हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझी चूक. ऐकलंस भामा? मोठी जाऊ चूक कबूल करतेय. परत ऐकायला मिळेल असं नाही, कान भरून घे!

घरी आले. चप्पल ह्याच्या खाटेपाशी ठेवली. म्हटलं, "अंबादास, ही तुझी?"

"हो... कुठं सापडली?"

"तू सांग."

"आठवत नाही मोठी आई. डोक्याला मार लागला ना."

डोक्याला? टाके कुणाच्या कपाळाला पडले? तिच्या! ह्याच्या डोक्यावर एक टेंगूळ नाही, आणि विसरला म्हणे हा! मी म्हटलं, "बरं. पोरीचा बाप बैठकीला आला की त्याला काय सांगशील?" तर म्हणतो, "देवाच्या मनात होतं तसं झालं."

तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, देवाच्या मनातलं देवासमोरच विचारू. म्हणून आज हा सवाल घेतला.

तर मंडळी, धरून ठेवलेलं 'नाही' सोडा आता. नमस्कार पाप होतो का? होतो! मागं बसलेल्याचा जीव ओलीस ठेवून केलेला नमस्कार पापच. वर त्याचं खापर त्याच जिवावर फोडलं, तर दुप्पट पाप! मी एक ओवी बांधलीय, जात्यावर नाही, रज्जाकच्या बाकड्यावर:

देवाच्या दारी बाई, उतरावं आधी खाली,
चाकावर बसल्याला कोणती माउली पावली?

आणि तुम्ही! हसत होता मघापासून अंबादासला. देवळाबाहेर सतरा गाड्या लावून आलाय. तुमच्यातल्या नऊ जणांना मी त्या दोन दिवसांत ओळखलंय. नावं घेऊ? टोपीवाले आजोबा, तुम्ही नातवाच्या मागं बसून दोन्ही हात वर केले होते, आरतीला करतात तसे! नातवानं एका चाकाची कसरत केली असती तर तुम्ही थेट देवालाच भेटला असता. हेल्मेट कुणाचं कोपरात, कुणाचं आरशावर. कोपरात मेंदू असेल तर तिथंच घाला, माझं काही म्हणणं नाही! थांबायला किती वेळ लागतो? गाडी कडेला लावा, उतरा, चप्पल काढा, मनभर दर्शन घ्या. तेवढा वेळ नसेल तर सरळ पुढं जा. वळण बघून नीट गाडी वळवलीत, तर म्हसोबा समजतो त्याला नमस्कार केलात. तात्याबा, तू उद्यापासून नारळ विचारू नकोस, 'गाडी कुठं लावलीस' ते विचार.

आता, अंबादास, वर बघ. आढ्याकडं नाही. माझ्याकडं.

उठू नकोस, बस. पाय दुखेल. रडतोस? रड. आज बरं झालं रडलास, मला वाटलं होतं तू आतून दगड झालास, नुसता शेंदूर लावायचा बाकी आहे.

माझा निकाल ऐक. उद्या बैठकीत भामा बोलणार नाही, मी बोलणार नाही, तात्याबा तर येणारच नाही. तू बोलशील. पोरीच्या बापासमोर, चार माणसांसमोर म्हणशील: हात मी सोडले, डोळे मी मिटले, ती मला सावध करत होती आणि मी तिला गप्प केलं. आणि सहा आठवडे मी गप्प बसलो. हेही म्हणशील. ते पडण्याहून वाईट आहे. पडणं चूक होती रे, गप्प बसणं लबाडी होती. मग ती यायची की नाही ते तिचं ती ठरवेल. ती 'नाही' म्हणाली तर ह्या घरातून कोणी तिला एक शब्द बोलायचा नाही, हा माझा हुकूम आहे.

देवानं तुला माफ केलं असेल बाबा, त्याचं मन मोठं. मी नाही केलं. माफी तिच्या ओसरीवर आहे. कुबडी टेकत तिच्यासमोर जा, हात जोड, आणि ह्या खेपेला डोळे उघडे ठेव.